बीटा-अमिनो आम्ल एकाच हाताचं हवं असेल तर: कायरल हायड्रोजनेशन कुठे बिघडतं आणि कोणत्या क्रमाने करावं

एम.एस्सी.चं शेवटचं सत्र सुरू झालं की मला फोन येऊ लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "मॅडम, कन्व्हर्जन पूर्ण आहे, पण ई.ई. साठच्या वर जात नाही. दुसरा लिगँड मागवू का?" ई.ई. म्हणजे रेणूच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी, म्हणजे दोन 'हातां'पैकी, एक हात दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त आहे तो आकडा. लिगँड म्हणजे धातूला बांधून कोणता हात बनेल ते ठरवणारा कायरल (एकाच हाताचा) रेणू. लिगँड महाग असतो आणि पुण्यात पोचायला आठवडे लागतात. तो आल्यावरही आकडा बदलत नाही, कारण चूक लिगँडची नसतेच. हायड्रोजनची तोटी उघडायच्या आधी जी कामं व्हायला हवी होती, त्यातलं एखादं राहून गेलेलं असतं.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. उदाहरणाला साधा रेणू घेतला आहे: मिथाइल ३-अॅसिटामिडो-२-ब्युटेनोएट. हे एनामाइड आहे, म्हणजे दुहेरी बंधाला लागून अमाइडचा नायट्रोजन असलेलं संयुग. त्याच्या दुहेरी बंधावर ऱ्होडियमच्या मदतीने हायड्रोजन घालायचा आणि ३-अमिनोब्युटॅनॉइक आम्लाचा एकच हात मिळवायचा. तुमचा रेणू वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी एक अट. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली अभिक्रिया करायचं बंद भांडं) कधीच हाताळला नसेल तर पहिले दोन प्रयोग जाणत्या माणसाला शेजारी उभं करून करा. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण पेट घेतं. त्याला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की सुती नसलेल्या एप्रनची स्थिर वीजही पुरते. ज्योत उजेडात दिसत नाही.

टप्पा १: आधी रेसिमेट, मग बाकी सगळं

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे. कायरल प्रयोग झाल्यावर नमुना एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) घालायचा, दोन पीक दिसले की त्यांचं गुणोत्तर काढायचं, असं मुलं करतात. पण ते दोन पीक खरोखर दोन हातांचे आहेत हे कशावरून?

आधी त्याच एनामाइडचं साध्या दहा टक्के पॅलेडियम-कार्बनवर, मिथेनॉलमध्ये, फुग्याच्या दाबाखाली हायड्रोजनेशन करा. मिळेल तो माल दोन्ही हातांचा ५०:५० असणार, म्हणजेच रेसिमेट. त्यावर कायरल पद्धत बसवा. दोन पीक तळरेषेपर्यंत सुटले पाहिजेत आणि क्षेत्रफळ सारखं आलं पाहिजे.

आपला रेणू अॅलिफॅटिक आहे, यूव्हीमध्ये २१० नॅनोमीटरच्या आसपासच जेमतेम दिसतो. अशा मालाला कायरल जीसी (वायू क्रोमॅटोग्राफी) बरी. बेंझिन वलय असलेल्या मालाला ओडी-एच किंवा एडी-एच प्रकारचा पॉलिसॅकराइड कॉलम आधी वापरून पाहा.

याच पद्धतीवर सुरुवातीचा एनामाइडही एकदा स्वतंत्र घाला. तो यूव्ही भरपूर शोषतो, उत्पादन फार कमी. त्यामुळे एचपीएलसीवर एक टक्का उरलेला एनामाइड भलामोठा दिसतो. तो एका हाताच्या पीकखाली लपला तर तुमचा ई.ई. चा आकडा निव्वळ खोटा असतो. मी अशी एक आख्खी प्रबंधिका परत करायला लावली आहे. तेव्हा त्या मुलाइतकंच मलाही वाईट वाटलं होतं.

सावधान: पॅलेडियम-कार्बन आधी नायट्रोजनखाली फ्लास्कमध्ये घ्या, मग द्रावक घाला. उलट केलंत तर मिथेनॉलची वाफ पेटू शकते. गाळल्यावर सीलाइट (गाळायला वापरलेली पूड) कोरडं पडू देऊ नका, पाण्याने ओलं ठेवूनच टाका.

सावधान: या कामाचा चुंबकी दांडा आणि भांडं कायमचं वेगळं ठेवा. टेफ्लॉनच्या दांड्याला पॅलेडियमचे कण चिकटून राहतात आणि साबणाने जात नाहीत. पुढच्या कायरल प्रयोगात ते स्वतंत्रपणे हायड्रोजनेशन करतात, तेही दोन्ही हातांचं सारखंच. एका प्रयोगशाळेत तीन लिगँड बदलून झाल्यावर दोष अखेर करड्या पडलेल्या एका दांड्यात सापडला. आता मी कायरल कामासाठी नवा पांढरा दांडाच देते.

टप्पा २: एनामाइड बनवा, पण झेड की ई हे ठरवून

मिथाइल अॅसिटोअॅसिटेट आणि अमोनियम अॅसिटेट मिथेनॉलमध्ये रात्रभर ढवळलं की एनामाइन मिळतं. अमोनियम अॅसिटेट तीन ते पाच पट घ्या. मिथेनॉल काढून टाका, माल एथिल अॅसिटेटमध्ये घ्या, पाण्याने धुवा, वाळवा. त्यानंतर टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात पिरिडीन आणि अॅसिटिक अॅनहायड्राइड घालून रिफ्लक्स करा म्हणजे नायट्रोजनवर अॅसिटिल बसतो. पुण्यात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहोत, द्रावकं पुस्तकातल्या आकड्यापेक्षा एक-दोन अंश खाली उकळतात. रिफ्लक्सला याने काही बिघडत नाही. मात्र रोटाव्हॅपचे (व्हॅक्यूमखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्राचे) कोष्टक जसेच्या तसे वापरू नका.

आता खरी गोम. दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला नायट्रोजन आणि एस्टर असले की झेड-रूप, विरुद्ध बाजूंना असले की ई-रूप. या अभिक्रियेत मुख्यतः झेड-रूप मिळतं, कारण त्यात एनएचचा हायड्रोजन शेजारच्या एस्टरच्या ऑक्सिजनशी आतल्या आत बांधला जातो. ई-रूप थोडं पडतं. ऱ्होडियम आणि ड्यूफॉस (एक कायरल फॉस्फिन लिगँड) या जोडीचे ९८-९९ टक्क्यांचे जे आकडे वाचून मुलं प्रयोग हाती घेतात, ते बहुतांश ई-रूपाचे असतात. हाताशी झेड आणि डोळ्यांसमोर ई चा आकडा, अशी ही फसगत होते. मिश्रणच घातलं तर आकडा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकतो आणि दर बॅचला बदलतो.

दोन्ही रूपं वेगळी करणं अवघड नाही. आतला बंध असल्यामुळे झेड कमी ध्रुवीय असतं, सिलिकावर पुढे पळतं. ई मागे राहतं.

तपासा: डॉयटेरोक्लोरोफॉर्ममध्ये प्रोटॉन एनएमआर काढा. झेडचा एनएच ११ पीपीएमच्या आसपास येतो आणि दुहेरी बंधावरचा प्रोटॉन ४.९ च्या जवळ. ई मध्ये तोच प्रोटॉन ६ च्या वर सरकतो आणि एनएच ७ च्या आसपास उतरतो. दोन्हींचं गुणोत्तर वहीत लिहा. ते लिहिलं नसेल तर पुढचा कोणताही ई.ई. मी ग्राह्य धरत नाही.

तपासा: त्याच स्पेक्ट्रममध्ये ८.६ जवळ बघा. तिथे काही दिसलं तर पिरिडीन राहिलंय. पिरिडीन ऱ्होडियमला घट्ट धरून बसतं आणि प्रयोग अर्ध्यात थांबतो. सौम्य आम्लाने पुन्हा धुवा, नंतर बायकार्बोनेट, मग मीठपाणी. शक्य असेल तर माल एकदा स्फटिकरूपात आणा. या टप्प्यावर घालवलेला एक दिवस पुढचे दहा वाचवतो.

टप्पा ३: द्रावकातून ऑक्सिजन काढा, हिशेब करून

"नायट्रोजन मारला होता, मॅडम." किती वेळ, सुई कुठपर्यंत बुडाली होती, यावर मात्र उत्तर येत नाही.

हिशेब बघा. हवेच्या संपर्कातल्या मिथेनॉलमध्ये एका लिटरला साधारण २ मिलीमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो. आपण १ मिलीमोल मालाला ५ मिलिलिटर मिथेनॉल घेतो, म्हणजे त्यात ०.०१ मिलीमोल ऑक्सिजन. आणि एक मोल टक्का कॅटॅलिस्ट म्हणजे तेवढाच, ०.०१ मिलीमोल. न डीगॅस केलेल्या (विरघळलेला वायू न काढलेल्या) मिथेनॉलमध्ये तुमच्या सगळ्या फॉस्फिनला पुरेल इतका ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. इलेक्ट्रॉन-समृद्ध फॉस्फिन त्याच्याशी जुळून फॉस्फिन ऑक्साइड होतं. मग ऱ्होडियम लिगँडशिवाय उघडं पडतं, धातू होऊन खाली बसतं, किंवा सरळ रेसिमिक काम करतं.

गोठवा, व्हॅक्यूम ओढा, वितळू द्या: ही फेरी तीनदा करा. द्रव नायट्रोजन नसेल तर लांब सुई तळापर्यंत बुडवून किमान अर्धा तास नायट्रोजन बुडबुडवा, आणि बाहेर पडायला दुसरी सुई ठेवायला विसरू नका. टीएचएफ वापरत असाल तर आधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा. पेरॉक्साइडही फॉस्फिनला खातं.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत पुण्याच्या हवेतल्या दमटपणाचाही विचार करा. अॅसिटिल बसवलेल्या एनामाइडला थोड्या ओलाव्याने फारसं काही होत नाही. पण विनासंरक्षित एनामाइन वापरत असाल तर पाणी त्याला फोडून पुन्हा कीटोएस्टर करतं, आणि उत्पादनात हायड्रॉक्सीएस्टरही निघू शकतं. अशा वेळी द्रावक मॉलिक्युलर सीव्हवर वाळवा आणि सीव्ह आधी नीट तापवून घ्या. नुसत्या डब्यातून काढलेल्या सीव्हमध्ये पावसाळ्याचं पाणी भरलेलंच असतं.

एक लहान गोष्ट: मिथाइल एस्टर असेल तर मिथेनॉल, एथिल एस्टर असेल तर इथेनॉल. जोडी चुकली तर एस्टरची अदलाबदल होऊन चार पीक दिसतात.

टप्पा ४: कॅटॅलिस्टचं द्रावण एकदाच करा

एका प्रयोगासाठी सहा मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट वजन करणं म्हणजे चूक ओढवून घेणं. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. नवशिक्यांनी आधीच तयार केलेलं कॉम्प्लेक्स विकत घ्यावं, म्हणजे ऱ्होडियम, सीओडी (सायक्लोऑक्टाडाइन) आणि मिथाइल-ड्यूफॉसचं टेट्राफ्लुओरोबोरेट. त्याचं मोलर वजन सुमारे ६०४ आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये ६०.४ मिलिग्रॅम घ्या आणि डीगॅस केलेल्या १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.०१ मिलीमोल ऱ्होडियम आहे. १ मिलीमोल मालाला एक मिलिलिटर. हे द्रावण त्याच दिवशी वापरा.

लिगँड आणि धातू स्वतः जुळवणार असाल तर दोन नियम पाळा. लिगँड धातूच्या १.०५ ते १.१ पट, त्याहून जास्त नाही. आणि लिगँडचं द्रावण ऱ्होडियमच्या द्रावणात थेंबथेंब सोडायचं, उलट नाही. उलट केलं तर सुरुवातीला लिगँड फार, धातू थोडा अशी स्थिती येते आणि एका ऱ्होडियमला दोन-दोन लिगँड चिकटतात. ते संयुग जवळपास काहीच काम करत नाही. "थोडा जास्त घातला, सुरक्षित राहावं म्हणून" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. इथे जास्त घालणंच धोक्याचं आहे.

तपासा: शंका आली तर फॉस्फरस एनएमआर काढा. ऱ्होडियमला बांधलेलं फॉस्फरस जोडरेषेत दिसतं. ऑक्साइड वेगळी एकेरी रेषा देतं. दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा ५: ऑटोक्लेव्ह भरा, गळती बघा, हवा घालवा

सुरुवातीला एक सूचना, फक्त पुण्याची. इथे देखभालीसाठी पाणीपुरवठा पुष्कळदा गुरुवारी बंद असतो. कंडेन्सर किंवा थंड पाण्याची कॉइल नळावर चालत असेल तर हा प्रयोग बुधवारी रात्री लावू नका.

माल आणि दांडा भांड्यात घ्या, झाकण बसवा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर दाब सोडा, गॅस्केट पुसा, पुन्हा बसवा. दाबाखाली बोल्ट आवळायचा नाही, कधीच नाही. हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात. रेग्युलेटर बसत नसेल तर जोर लावू नका, तो चुकीचा आहे.

आता हवा घालवणं. ५ बार नायट्रोजन भरून सोडलं की आतली हवा साधारण एक षष्ठांश उरते. तीन फेऱ्यांनंतर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर येतो, पाच फेऱ्यांनंतर तीसेक पीपीएमवर. म्हणून पाच. मग डीगॅस केलेलं मिथेनॉल आणि कॅटॅलिस्टचं द्रावण नायट्रोजनच्या प्रवाहात सिरिंजने घाला, आणखी दोन फेऱ्या नायट्रोजनच्या, तीन हायड्रोजनच्या. द्रावक आत असताना दाब सावकाश सोडा, नाहीतर मिथेनॉल फेसाळून व्हॉल्व्हमध्ये शिरतं.

सावधान: गेजचं एकक वाचा. आपल्याकडच्या जुन्या गेजवर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असतं, शोधनिबंधात पीएसआय किंवा बार. ४० पीएसआय म्हणजे २.८ बार. एका मुलीने ४० चा आकडा बार समजून भरला होता. भांडं त्या दाबाचं होतं म्हणून निभावलं, पण ई.ई. पार कोसळला होता.

टप्पा ६: दाब, तापमान, ढवळणं

झेड-रूपाला मिथेनॉल आणि कमी दाब: १ ते ३ बार. ड्यूफॉससारख्या लिगँडमध्ये दाब वाढवला तर झेडचा ई.ई. बहुधा घसरतो. ई-रूपाला टोल्युइनसारखं कमी ध्रुवीय द्रावक मानवतं. पण टोल्युइनमध्ये आयनिक कॉम्प्लेक्स नीट विरघळत नाही. म्हणून ते थोड्या डायक्लोरोमिथेनमधून घाला. मिश्रण वेगळं करायची सोयच नसेल तर टँगफॉससारखा लिगँड बघा, तो दोन्ही रूपांना बऱ्यापैकी सांभाळून घेतो.

ढवळण्याकडे फार दुर्लक्ष होतं. साध्या वातावरणीय दाबाला एका लिटर मिथेनॉलमध्ये हायड्रोजन फक्त ४ मिलीमोलच्या आसपास विरघळतो. ५ मिलिलिटरमध्ये ०.०२ मिलीमोल, आणि लागतो १ मिलीमोल. बाकी सगळा वायू द्रवाच्या पृष्ठभागातून आत ओढला गेला पाहिजे. दांडा नुसता फिरत असेल आणि भोवरा पडत नसेल तर कॅटॅलिस्ट उपाशी राहतो. दर प्रयोगाला ढवळण्याचा वेग सारखा ठेवा, नाहीतर तुलनाच करता येणार नाही.

तापमान २५ अंश, पाण्याच्या टोपात. मे महिन्यात दुपारी वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत "रूम टेम्परेचर" लिहू नका, थर्मामीटरचा आकडा लिहा.

सुरुवातीची काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. कॅटॅलिस्टवरचा सीओडी आधी हायड्रोजन खाऊन बाजूला होतो, मग खरं काम सुरू होतं. लहान प्रमाणात दाबावर भरवसा ठेवू नका. १ मिलीमोलला सुमारे २४ मिलिलिटर वायू लागतो. ४० मिलिलिटर मोकळ्या जागेत दाब जेमतेम अर्ध्या बारहून थोडा जास्त उतरतो. तेवढा तर गळतीनेही उतरतो. नमुना काढून एनएमआर बघा.

टप्पा ७: उघडल्यावर

दाब हूडमधून बाहेर जाणाऱ्या नळीने सावकाश सोडा, तीनदा नायट्रोजन फिरवा, मगच बोल्ट सैल करा. रोटाव्हॅपवर मिथेनॉल काढा, सिलिकाच्या छोट्या थरातून एथिल अॅसिटेटने सगळा माल उतरवा.

ई.ई. या क्रूडवरच (अजून शुद्ध न केलेल्या मालावर) मोजा. स्फटिक पाडल्यानंतर किंवा कॉलम केल्यानंतर मोजलेला आकडा कॅटॅलिस्टचा नसतो. साध्या, अकायरल सिलिकावरही सुरुवातीच्या आणि शेवटच्या नळ्यांचा ई.ई. वेगळा येऊ शकतो. मधल्या सुंदर नळ्या तेवढ्या उचलल्या तर तुम्ही स्वतःलाच फसवता.

तपासा: परवडत असेल तर लिगँडचा दुसरा हात घेऊन एकदा तोच प्रयोग करा. पीक उलटले पाहिजेत आणि ई.ई. सारखा आला पाहिजे. एकीकडे ९२ आणि दुसरीकडे ८४ आला, तर एका पीकखाली अशुद्धी दडली आहे. या एका तपासणीवर माझा जितका विश्वास आहे तितका दुसऱ्या कशावर नाही.

आर आणि एस (दोन हातांची अक्षरं) लिहिताना घाई नको. ३-अमिनोब्युटॅनोएटमध्ये मिथाइलपेक्षा एस्टरकडची बाजू वरचढ ठरते. मिथाइलच्या जागी फिनाइल आला की फिनाइल वरचढ ठरतो. म्हणजे हायड्रोजन त्याच बाजूने बसला तरी अक्षर बदलतं. अक्षर बदललं म्हणून निवड उलटली असं समजून मुलं आठवडाभर शोध घेत बसतात. रेणू कागदावर काढा, मग अक्षर द्या.

टप्पा ८: विनासंरक्षित मार्ग, थोडक्यात

नायट्रोजनवर काहीच न बसवता थेट एनामाइनचंही हायड्रोजनेशन होतं. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनसाठी हाच मार्ग ऱ्होडियम आणि टर्शरी-ब्युटाइल जोसीफॉस या लिगँडने मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. तिथे मिथेनॉलमध्ये चिमूटभर अमोनियम क्लोराइड लागतं, ते नसलं की निकाल बॅचगणिक बदलतो. तयार होणारं मोकळं अमाइन ऱ्होडियमला धरून बसतं. त्यावर उपाय म्हणून बॉक अॅनहायड्राइड भांड्यातच घालता येतं, म्हणजे अमाइन तयार होताच झाकलं जातं. हा मार्ग नवशिक्याने पहिला घेऊ नये.

टप्पा ९: अॅसिटिल काढणं

३ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात काही तास रिफ्लक्स. अॅसिटिल आणि मिथाइल एस्टर दोन्ही निघतात, अमिनो आम्लाचा हायड्रोक्लोराइड हाती येतो. मोकळं आम्ल हवं असेल तर आम्लीय आयन-विनिमय रेझिनवर चढवा, पाण्याने धुवा, पातळ अमोनियाने उतरवा.

सावधान: मोकळं अमाइन असलेला एस्टर गरम अल्कलीत ठेवू नका. अमोनिया सुटून क्रोटोनेट होतं, आणि तोच अमोनिया परत जोडला गेला तर दोन्ही हात तयार होतात. आधी मिळवलेला ई.ई. इथे हातचा जातो.

शेवटचा स्फटिक पाडताना मदर लिकर (स्फटिक गाळल्यावर उरलेलं द्रावण) फेकू नका. स्फटिक आणि मदर लिकर या दोघांचाही ई.ई. मोजा आणि वजनासह वहीत लिहा. दोन्ही मिळून क्रूडचा आकडा परत आला पाहिजे. आला नाही तर टप्पा ७ मधला नमुना फ्रिजमधून काढून पुन्हा घाला. म्हणूनच क्रूडचे पाच मिलिग्रॅम नेहमी वेगळे, तारीख लिहून ठेवायचे.